ठिपका अष्टमीचा होता

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना फार गोड बोलतात. मला ते जमणार नाही.

मी लग्नात फोटो काढणारा कॅमेरा नाही. मला बटण नाही, पट्टा नाही. मी धान्य मापायच्या पायलीएवढा एक काळा डबा आहे. समोर गोल काच आहे. काचेमागे माझा डोळा आहे. तो चौकोनी आहे आणि त्यात चाळीस लाख बारीक खण आहेत. प्रत्येक खण आपल्यावर पडलेला उजेड मोजतो. दुर्बिणीच्या मागे बसून आकाशाची चित्रं घेणं हे माझं काम. त्या चित्रांत लघुग्रह शोधतात. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे दगड. काही घराएवढे, काही डोंगराएवढे. त्यातला एखादा पृथ्वीच्या वाटेवर येतोय का, हे आधी कळावं म्हणून माझ्यासारखे कॅमेरे जगभर राखण करतात.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंडाला फडकं बांधून काम करत, कारण श्वासातला एक थेंब डोळ्यावर किंवा काचेवर पडला तरी मी वाया गेलो असतो. मग मला वाळवंटातल्या एका उंच डोंगरावर नेलं आणि मोठ्या दुर्बिणीला चार स्क्रूंनी बसवलं. तिथे मी अकरा वर्षं राबलो. आकाशाचा एक तुकडा घ्यायचा, वीस वीस मिनिटांनी त्याची चार चित्रं काढायची, मग पुढचा तुकडा. संगणक ती चित्रं ताडून बघायचा. तारे जागच्या जागी असत. जो ठिपका सरकला, तो लघुग्रह. असे एक हजार नऊशे लघुग्रह पहिल्यांदा माझ्या डोळ्यात उमटले. पाहुणे येत, माझ्याकडे बोट दाखवत, वाहवा करत.

मग माझ्या तीसपट मोठा कॅमेरा आला. एका दुपारी मला उतरवलं. वाहवा करणारे त्या दिवशी नव्या कॅमेऱ्यापाशी उभे होते. मला खोक्यात घालून फळीवर ठेवलं. तेव्हाही राग आला होता, पण आजच्या रागापुढे तो काहीच नाही.

त्या फळीवरून मला एका बाईने उतरवलं. ती स्वतः त्या डोंगरावर कधी आली नव्हती. ती बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला, एका संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. तिचं नाव विजयमाला. मोठ्या वेधशाळांचे जुने कॅमेरे नुसते पडून असतात, हे तिने कुठेतरी वाचलं आणि पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिने दुसरं लिहिलं. नवव्या पत्राला उत्तर आलं. ते नववं पत्र माझ्याच खोक्यावर चिकटवून आलं होतं. त्यात तिने लिहिलं होतं, ‘तुमच्याकडे तो झोपलेला आहे. आमच्याकडे त्याला काम आहे.’

मला आजवर इतकं चांगलं कुणी बोललेलं नाही.

संस्थेने शाळेमागच्या टेकडीवर एक खोली बांधली. तिला सरकतं पत्र्याचं छप्पर केलं. चौदा इंची दुर्बीण बसवली. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह आले. त्या भागात त्यांच्या शब्दावर शाळेची घंटासुद्धा थांबायची. हार गळ्यात तसाच ठेवून ते म्हणाले, “ह्या कॅमेऱ्यातून चंद्रावर कोण चहा प्यायलंय ते बी दिसंल!” सगळे हसले.

विजयमाला हळूच म्हणाली, “दादा, हा चंद्रासाठी नाही. उलट चंद्र वर असला की याला बारीक ठिपके दिसत नाहीत.”

“मंग लई नाजूक हाय की तुमचा पाहुणा.”

मी नाजूक नव्हतो. वाळवंटात अकरा वर्षं काढली होती. पण त्या माणसाचं बोलणं मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

विजयमालाकडे मोठा संगणक नव्हता. माझी चित्रं ती स्वतः ताडून बघायची, तेही दिवसा, शाळेच्या प्रयोगशाळेत, मुलांना बाकावर बसवून. चार चित्रं एकामागून एक पडद्यावर दाखवायची. मुलांना म्हणायची, “माळावर बघता ना तुम्ही? झाडं हलत नाहीत, दगड हलत नाहीत. एखादं वासरू मात्र चरत चरत पुढे गेलेलं असतं. आपल्याला ते वासरू शोधायचं.”

तेव्हापासून लघुग्रहाला शाळेत वासरूच म्हणत. तिच्या घरीही तोच शब्द गेला. तिचा नवरा रामकिसन शेती करायचा. तो मोटारसायकलवरून तिला टेकडीवर सोडायचा आणि सकाळी घ्यायला यायचा. आला की पहिला प्रश्न, “घावलं का वासरू?” एकदा तिची सासू केसरबाई हे ऐकून कंदील घेऊन गोठ्यात गेली होती आणि सगळ्या दावणी मोजून परत आली होती. “सगळी हायेत की रे! कुणाचं घावलं?” म्हणाली. ही गोष्ट विजयमाला टेकडीवर एकटीच असली तरी आठवून हसायची.

चार वर्षांत आम्हाला वासरं पुष्कळ दिसली, पण ती सगळी दुसऱ्यांची होती. म्हणजे आधी कुणीतरी नोंदवलेली. आपलं स्वतःचं एकही नाही.

मग ते नवरात्र आलं.

अष्टमीच्या रात्री मध्यरात्रीनंतर चंद्र मावळला. मी पूर्वेकडच्या एका तुकड्याची चार चित्रं घेतली. पहाटे तिने ती ताडली आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. एक ठिपका सरकत होता. तिने यादी तपासली. तिथे कुणाचंच वासरू नव्हतं. तिने ठिपक्याच्या जागा मोजून जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला पाठवल्या. सकाळी रामकिसन आला तेव्हा ती दारातच उभी होती.

“घावलं?” त्याने विचारलं.

“घावलं! आपलं आहे हो. कुणाचंच नाही. आज रात्री परत दिसलं की पक्कं. एका रात्रीवर कुणी मानत नाही.”

“अन् आज न्हाई दिसलं तर?”

“आजच दिसायला पाहिजे. रोज चंद्र मोठा होत चाललाय, उशिरा मावळतोय. पौर्णिमेपर्यंत सगळी रात्र त्याचीच. तोवर ते कुठल्या कुठे गेलेलं असेल.”

मित्रांनो, हे बोलणं नीट ध्यानात ठेवा. हे त्याला सांगितलं होतं. त्याच्या कानांनी त्याने ते ऐकलं होतं.

ती घरी जाऊन झोपली. तो दिवस खंडेनवमीचा होता. तुमच्याही घरी त्या दिवशी अवजारांची पूजा होते. रामकिसनच्या अंगणात पाट मांडले होते. विळा, कुदळ, पहार, कडबाकुट्टी, सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली होती. पुढे जे घडलं ते त्याने संध्याकाळी विजयमालाला माझ्यासमोर सांगितलं, म्हणून मला माहीत आहे.

केसरबाई म्हणाली, “रामकिसना, तिचं अवजार कुठंय रे?”

“टेकडीवर हाय.”

“आण की मंग. समदी अवजारं पाटावर बसली अन् तिच्या एकटीचंच उपाशी ठेवतो व्हय? आज तर तिनं वासरू आणलंय म्हणं.”

त्याला ते पटलं. त्याला तिचा अभिमान वाटत होता, हे मी नाकारत नाही. झोपली आहे तर कशाला उठवा, म्हणून त्याने खिळ्यावरची किल्ली घेतली. पान्याने माझे चारही स्क्रू काढले. मला घरी नेलं आणि पाटावर काच वर करून बसवलं. मग माझ्या डोळ्यापुढच्या काचेवर हळद टाकली, कुंकू टाकलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. तेलाचे दोन थेंब काचेवर पडले. ते दिसले म्हणून त्याने धोतराच्या सोग्याने काच पुसली. हळद, कुंकू आणि तेल सगळीकडे सारखं फिरलं.

जिच्यावर श्वासाचा थेंब पडू दिला नव्हता ती काच!

विजयमाला दुपारी चार वाजता उठली. मला टेकडीवर परत नेलं. पाच तास ती काच साफ करत बसली. रामकिसन दारात उभा होता. ती त्याला ओरडली नाही. एकदाच म्हणाली, “अहो, डोळ्यावर नाही, पाठीवर लावायचं होतं.” मग काचेवरून निघालेलं थोडं कुंकू बोटावर घेऊन तिने माझ्या पाठीच्या पत्र्यावर एक टिकली लावली. “तुमच्या पूजेला मी नाही म्हणत नाही. जागा चुकली एवढंच.”

कुंकू निघालं, पण तेलाची साय राहिली. चंद्र मावळल्यावर मी चित्रं घेतली आणि सगळी धुरकट आली. मोठे तारे दिसले, वासरू दिसलं नाही. दशमीला ढग आले. मग चांदणं वाढत गेलं. पौर्णिमेनंतर अंधार परतला तेव्हा तिने रोज शोधलं. पण एका रात्रीच्या मोजमापावरून तेवढ्या दिवसांनी त्याची जागा नेमकी सांगता येत नाही. वासरू माळ सोडून गेलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी माफ केलं असतं. चूक मायेने झाली होती.

पण अमरसिंहांना नवमीलाच बातमी लागली होती. विजयमालाने हात जोडून सांगितलं होतं, “दादा, पक्कं होईपर्यंत थांबा.” ते थांबले नाहीत. दसऱ्याच्या मेळाव्यात त्यांनी माईकवरून सांगून टाकलं की आमच्या संस्थेने नवा तारा शोधला. दिवाळीनंतर लोक विचारू लागले, कुठे आहे तारा? तेव्हा त्यांनी शाळेच्या सभागृहात सभा घेतली. मला टेबलावर ठेवलं होतं, चोरीचा माल ठेवतात तसं.

“बाई,” अमरसिंह म्हणाले, “पेपरवाले मला विचारायलेत. काय सांगू?”

“तारा नाही दादा, लघुग्रह. दुसऱ्या रात्री तो दिसला नाही.”

“कावून न्हाई दिसला?”

“काच खराब झाली होती.”

“कशानं?”

“कुंकवानं.”

“घ्या!” अमरसिंहांनी टेबलावर थाप मारली. “म्हंजे बाईंनी कुंकवाचा ठिपका धरला अन् म्हणल्या, तारा घावला!”

सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, “आता हळदीचा बी शोधा, बाई. चंद्रच व्हईल!” पुन्हा हसू.

मित्रांनो, मी चाळीस लाख खणांची शपथ घेऊन सांगतो. काचेवरचा कण माझ्या चित्रात चमकणारा ठिपका म्हणून येतच नाही. तो उजेड अडवतो. त्याची काळी, पुसट बांगडी दिसते. आणि ती बांगडी चारही चित्रांत एकाच जागी बसून राहते. वासरू पांढरं होतं आणि चालत होतं. हे तिच्या वर्गातली सहावीची पोरंही सांगू शकली असती. त्या सभेत सहावीचं पोर नव्हतं. मोठी माणसं होती.

“हसू नका,” विजयमाला म्हणाली. “ठिपका अष्टमीच्या रात्रीचा आहे. कुंकू नवमीला लागलं. चित्रावर तारीख आहे, वेळ आहे, सेकंद आहे.”

“तारीख तर मोबाईलमधी बी बदलता येती. घट बसल्यापासून हळदकुंकू चालूच असतंय. ते नवमीलाच लागलं म्हणून कोण सांगतंय? हाय का कुणी?”

रामकिसन तिसऱ्या रांगेत बसला होता.

तिने त्याचं नाव घेतलं नाही. फक्त त्याच्याकडे बघितलं. एकच वाक्य बोलायचं होतं. ‘मी लावलं, नवमीला लावलं.’ पण बायकोच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. नुकतेच हसलेले लोक आता आपल्याला हसतील, असं वाटलं. समोर अमरसिंह होते. त्याने मान खाली घातली आणि आपल्या चपलांकडे बघत राहिला. आकाश बघायला मी चार तास डोळा उघडा ठेवतो. त्याला चार सेकंद मान वर ठेवता आली नाही.

ती खाली बसली.

टेकडीच्या खोलीला कुलूप लागलं. पुढे तिथे मंडपाचे बांबू आणि सतरंज्या ठेवू लागले. दुर्बीण उभीच राहिली, तिच्यावर चिमण्यांनी घरटी केली. मला प्रयोगशाळेच्या कपाटात ढकललं, एका बाजूला फुटक्या परीक्षानळ्या, दुसऱ्या बाजूला मेलेल्या बेडकाची बरणी. विजयमाला कधीकधी मधल्या सुट्टीत कपाट उघडायची. रबरी फुग्याने माझ्या काचेवर हवा मारून धूळ उडवायची. कापड ती कधीच लावायची नाही. नवऱ्याबद्दल तिने माझ्याजवळ एक शब्द वाईट काढला नाही. त्याचाही मला राग येतो. काढायला हवा होता.

पुढच्या श्रावणात ती आजारी पडली आणि पोळ्याआधी गेली. काय झालं होतं हे मला माहीत नाही. कपाटाला कुणी काही सांगत नाही. सभागृह भिंतीपलीकडेच आहे, म्हणून शोकसभा ऐकू आली. अमरसिंहांचा आवाज मी लगेच ओळखला. ते म्हणाले, “विजयमालाबाईंनी संस्थेचं नाव आभाळापर्यंत नेलं.”

हेच तोंड होतं, मित्रांनो. हेच सभागृह होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

अष्टमीच्या त्या रात्रीला एक वर्ष चार महिने झाले तेव्हा शाळेत एक पत्र आलं. ते नोंदी ठेवणाऱ्या कचेरीचं होतं. दूरच्या एका वेधशाळेला एक नवा लघुग्रह सापडला होता. त्याचा मार्ग मागे मागे मोजत नेला, तेव्हा तो बावीस ऑक्टोबरच्या, म्हणजे त्या अष्टमीच्या रात्री नेमका विजयमालाने सांगितलेल्या जागी होता. शोधाचा मान ज्यांनी पक्कं केलं त्यांना गेला. पण त्या दगडाची सगळ्यात जुनी नोंद म्हणून धारूरजवळच्या आमच्या टेकडीचं नाव लागलं.

शाळेचे लिपिक रामप्रसाद यांनी ते पत्र अध्यक्षांना दाखवलं. “आज दुपारची सभा झाल्यावर बघू,” असं उत्तर मिळालं. रामप्रसादना ते बरं वाटलं नाही. त्यांनी रामकिसनला बोलावून घेतलं, पत्र वाचून दाखवलं आणि कपाटाची किल्ली हातात दिली. “तुमच्या बाईचंच हाय हे. तुमी ठिवा.”

भर दुपारी कपाट उघडलं. रामकिसन समोर उभा होता. दाढी वाढलेली, हातात कागद. त्याने मला उचललं. काचेवर धूळ होती. पुसायला त्याने सोगा वर घेतला आणि मध्येच थांबला. सोगा सोडून दिला. मग त्याने मला फिरवलं आणि त्याला माझ्या पाठीवरची टिकली दिसली. वाळून काळपट झाली होती, पण होती.

मग तो मला म्हणाला, “कुंकू मी लावलतं. नवमीला लावलतं. ठिपका अष्टमीचा हाय.”

मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मला कशाला सांगतोस? मला हे सेकंदासकट माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते भिंतीपलीकडे बसले होते. आणि जिला हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, तिने पुढे नऊ महिने तुझ्यासमोर भाकरी वाढली. तेव्हा का नाही बोललास?

मित्रांनो, वस्तू गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला जपा, पुसून ठेवा, अडगळीत टाकू नका, असं म्हणतात. मी तसलं काही मागत नाही. माझी काच फुटली तर दुसरी बसेल. कुणी खरं बोलत असेल आणि लोक हसत असतील, आणि तुम्हाला ते खरं आहे हे माहीत असेल, तर तिथेच उभे राहा आणि बोला. त्याच दिवशी बोला. ठिपका दुसऱ्या रात्री पुन्हा बघावा लागतो, नाहीतर तो हरवतो. माणसाचंही तसंच आहे.

त्या दुपारी पलीकडे संस्थेची सभा चालू होती. रामकिसनने मला बगलेत घेतलं. कपाट उघडंच टाकून तो निघाला. सभागृहाच्या दारात त्याच्या चपला थांबल्या. मला वाटलं, आता परत फिरेल.

“बसा, रामकिसनराव,” अमरसिंह म्हणाले. “मागं जागा हाय.”

“बसायला न्हाई आलो, दादा,” तो म्हणाला. त्याने मला टेबलावर ठेवलं, टिकली सगळ्यांना दिसेल अशी पाठ पुढे करून. त्याची मान वर होती. “मागं तुमी विचारलं होतं, कोण सांगतंय म्हणून. मी सांगतो.”

माझा राग गेलेला नाही. पण ते वाक्य मी पूर्ण ऐकलं.